अपॉस्टिल: मूळ कागदावर की साक्षांकित प्रतीवर?

अपॉस्टिल म्हणजे कागदावरची सही-मोहोर खरी असल्याचा, परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का. परदेशातल्या कार्यालयाने ‘अपॉस्टिल केलेली कागदपत्रं पाठवा’ असं कळवलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. शिक्का थेट मूळ कागदावर घ्यायचा, की नोटरीने साक्षांकित केलेल्या प्रतीवर? पुष्कळ देशांत दोन्ही वाटा खुल्या असतात. मी पदवीसाठी प्रतीची वाट धरली आणि जन्मदाखल्यासाठी मूळ कागदाची, तेव्हा दोन्हींबद्दल दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

हे सगळं लागू कुठे, तर एकमेकांचं अपॉस्टिल मानण्याच्या १९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये. समोरचा देश त्यात नसेल तर एकामागून एक कार्यालयांचे शिक्के घेत शेवटी त्या देशाच्या दूतावासापर्यंत जायची जुनी साखळी आहेच. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये आत आल्यापासून तो त्रास बराच कमी झालाय. मात्र नव्याने आलेल्या देशाच्या प्रवेशावर एखाद्या जुन्या सदस्याने आक्षेप नोंदवला असेल, तर त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. नुसती सदस्यांची यादी पाहून निर्धास्त होऊ नका.

प्रतीची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. पदवी आयुष्यात एकदाच मिळते. दुसरी काढायची तर विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. प्रत पाठवली की मूळ कागद घरच्या फायलीत सुखरूप राहतो. टपालात गहाळ झाला, समोरच्या कार्यालयाने फायलीत लावून घेतला आणि परत दिलाच नाही, या धास्त्या उरत नाहीत. शिवाय एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी अर्ज करायचे असतील तर प्रत्येकासाठी वेगळी प्रत काढता येते. मूळ पदवीच्या मागे शिक्के आणि चिकटपट्ट्या नकोत, असं वाटणाऱ्यांचीही मला पूर्ण सहानुभूती आहे.

माझं मत फिरलं ते मात्र एका रकान्यामुळे.

अपॉस्टिलच्या चौकटीत दहा क्रमांकित बाबी असतात. दुसऱ्या क्रमांकावर सही कोणाची, तिसऱ्यावर ती कोणत्या पदाने केली, चौथ्यावर मोहोर कोणाची. कागद मूळ असेल तर तिथे निबंधकाचं किंवा विद्यापीठाच्या अधिकाऱ्याचं नाव येतं. प्रत असेल तर नोटरीचं. आणि ते बरोबरच आहे, कारण अपॉस्टिल तीनच गोष्टींची ग्वाही देतं: सही खरी आहे, सही करणाऱ्याचं पद खरं आहे, मोहोर खरी आहे. मजकुराबद्दल ते चकार शब्द काढत नाही. म्हणजे प्रतीवरच्या अपॉस्टिलने एवढंच सिद्ध होतं की हा नोटरी खरा आहे. पदवी खरी की खोटी, यावर त्यात काहीच नाही.

हे पुस्तकी वाटेल, पण प्रवेश तपासणाऱ्या बाईंनी मला अगदी सौम्यपणे हेच विचारलं: ‘यात तुमच्या विद्यापीठाचं नाव कुठे आहे?’ नव्हतंच. कागद नियमात बसणारा होता, अपॉस्टिलही अस्सल होतं. अपॉस्टिल देणाऱ्या कार्यालयाच्या नोंदवहीत क्रमांक आणि तारीख टाकून त्यांनी ते पडताळलंसुद्धा, पण तिथेही नोटरीचंच नाव निघालं. शेवटी विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे पत्र जावं असं ठरलं, आणि ज्या पत्रव्यवहारातून सुटायला अपॉस्टिल केलं होतं तोच गळ्यात पडला. त्यांचा दोष म्हणवत नाही. नुसत्या प्रतीवर विश्वास ठेवायचा की नाही हे करार ठरवत नाही, ते घेणाऱ्या देशाच्या नियमांवर सोडलेलं आहे. पण तेव्हापासून प्रत म्हटलं की मला तो दुसरा रकाना दिसतो.

जन्मदाखल्याच्या वेळी असलं काही झालं नाही. रकान्यात निबंधक, दाखल्यावर निबंधक, विषय संपला. तिथे मूळ कागद गमावण्याची भीतीही फारशी नव्हती. जन्म-विवाहाच्या बाबतीत खरं मूळ म्हणजे निबंधकाच्या दप्तरातली नोंद, आपल्या हातात असतो तो तिचा उतारा. तो हवा तेव्हा नवा काढता येतो, आणि काही कार्यालयं अलीकडच्या तारखेचाच दाखला मागतात. त्यामुळे अपॉस्टिलसाठी एक ताजा दाखला काढून तो खुशाल जाऊ द्यावा. (युरोपीय संघातल्या देशांनी २०१९ पासून आपसात जन्म-विवाहासारख्या दाखल्यांना अपॉस्टिलची अटच काढून टाकली, ही एक सुखाची गोष्ट.)

पदवीचा निर्णय इतका सरळ नाही, हे मान्य. तरी आज मला निवडायचं असेल तर मूळ पदवीच देईन, त्याआधी दोन्ही बाजूंनी चांगलं स्कॅन करून ठेवीन आणि परत मिळेल की नाही हे समोरच्यांकडून लेखी विचारून घेईन. लॅमिनेशन केलेलं असेल तर आधी चौकशी करा. त्यावर शिक्का मारायला काही ठिकाणी नकार मिळतो. आणि अपॉस्टिलचा कागद वेगळा जोडलेला असेल, तर स्कॅनिंगसाठी त्याची पिन मुळीच उचकटू नका.

विद्यापीठ डिजिटल सहीची फाइल देत असेल आणि तुमच्या देशात ई-अपॉस्टिल (म्हणजे डिजिटल सहीचं अपॉस्टिल) मिळत असेल, तर मूळ-प्रत हा वाद बराचसा मिटतो. फक्त फाइलच पाठवायची, कारण प्रिंट काढली की डिजिटल सही तपासता येत नाही.

प्रतीला मी अगदीच मोडीत काढत नाही. पासपोर्टच्या पानावर सहसा अपॉस्टिल लावत नाहीत, तिथे साक्षांकित प्रतच लागते. मुखत्यारपत्रात तर नोटरीसमोर झालेली सही हाच मुद्दा असतो, तेव्हा दुसऱ्या रकान्यात त्याचं नाव असणं रास्तच. आणि घेणारं कार्यालय स्वतःहून ‘नोटरीची प्रत चालेल’ असं लिहून देत असेल, तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि प्रतच पाठवा.