इराणी संतूर: पुण्याच्या हवेत आणि आपल्या कानांना

पुण्यातील श्रोत्याला संतूर नवे नाही. सवाई गंधर्व महोत्सवात पंडित शिवकुमार शर्मा यांचे वादन ऐकलेली एक पूर्ण पिढी या शहरात आहे, आणि संतूर म्हणजे मांडीवर घेतलेले, लांब आस (छेडल्यावर टिकणारा नाद) असलेले, कलम (वाजवण्याची काडी) तारेवरून घसरवून मींडेचा भास देणारे काश्मिरी वाद्य अशी तिच्या कानांची घडण झालेली आहे. त्यामुळे इराणी संतूर घेण्याचा विचार करणाऱ्याला सर्वांत आधी हे सांगायला हवे की, नाव आणि सर्वसाधारण आकार सारखा असला तरी हे वेगळ्या संगीतासाठी घडवलेले वेगळे वाद्य आहे. काश्मिरी संतुराची अपेक्षा मनात ठेवून ते हाती घेतले, तर त्याचे गुणच उणिवा वाटू लागतील. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिन्ही ऋतू हे वाद्य कोथरूडमधील आमच्या घरात वाजते आहे, आणि त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

माझे संतूर तेहरानमधील एका लहान कार्यशाळेत तयार झालेले, सोल-कूक प्रकारचे, म्हणजे इराणमध्ये सर्वाधिक प्रचारात असलेल्या मापाचे आहे. पुण्यात शिकायला आलेल्या एका इराणी विद्यार्थिनीने मायदेशी परतताना ते मला विकले. मिरजेच्या मध्यम दर्जाच्या नव्या सतारीला जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्याच किमतीत ते मिळाले, आणि कारागिरी पाहता ही किंमत मला वाजवी वाटते.

वाद्याचा आकार समलंब चौकोनाचा असतो. वादकाकडची लांब बाजू सुमारे 90 सेंटिमीटर भरते. संपूर्ण पेटी अक्रोडाच्या लाकडाची आहे आणि त्यावर गडद रंगाचा जाड थर दिलेला नाही, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसतात, वरची फळी एका अंगाने किंचित फिकट आणि दुसऱ्या अंगाने तपकिरी आहे, आणि सांधे बोट फिरवले तरी हाताला लागत नाहीत. वरच्या फळीत फुलाच्या आकाराची दोन कोरीव छिद्रे आहेत. त्यांचे कोरीवकाम यंत्राने केलेले नाही, हे पाकळ्यांच्या थोड्याथोड्या निराळ्या कडांवरून लगेच कळते. मात्र या वाद्याची खरी कारागिरी बाहेरून दिसत नाही. वरची आणि खालची फळी यांच्यामध्ये लाकडाचे छोटे छोटे खांब बसवलेले असतात. 72 तारांचा ताण ते पेलतात आणि वरच्या फळीचे कंपन खालच्या फळीपर्यंत पोहोचवतात. हे खांब नेमके कुठे आणि किती घट्ट बसवायचे, यावर प्रत्येक कारागिराच्या संतुराचा आवाज ठरतो. मेहदी नाझेमी यांच्या हातच्या संतुरांना इराणमध्ये आजही जो मान आहे, तो या अंतर्रचनेच्या जाणकारीमुळे. फरामर्ज पायवर (1933–2009) यांच्यासारखे थोर वादक नाझेमींची संतुरे वाजवत असत.

तारांची मांडणी नीट समजून घेतली, तर या वाद्याची बुद्धिमत्ता लक्षात येते. प्रत्येक स्वरासाठी चार तारा, असे 18 संच, म्हणून एकूण 72 तारा. निम्मे संच पितळी तारांचे असतात आणि ते उजव्या रांगेतील नऊ घोड्यांवरून (तारांना उचलून धरणाऱ्या लाकडी आधारांवरून) जातात. हा खालचा, खर्जाकडचा भाग. उरलेले नऊ संच पोलादी तारांचे असून ते डाव्या रांगेतील घोड्यांवरून जातात. डावी घोडी तार अशा जागी विभागते की तिच्या उजवीकडचा भाग डावीकडच्या भागाच्या दुप्पट लांब राहतो, आणि त्यामुळे एकाच तारेवर घोडीच्या उजव्या बाजूला एक स्वर व डाव्या बाजूला त्याच्याच वरच्या सप्तकातील स्वर मिळतो. अशा रीतीने 18 संचांतून 27 स्वरस्थाने तयार होतात आणि वाद्याचा पल्ला तीन सप्तकांच्या थोडा पुढे जातो. घोड्या फळीवर चिकटवलेल्या नसतात, केवळ तारांच्या दाबाने उभ्या राहतात. म्हणून एखादी घोडी केसभर सरकली तरी दोन बाजूंचे सप्तक आपसांत जुळेनासे होते. नवी तार लावल्यावर किंवा वाद्य गाडीतून हलवल्यावर आधी हे तपासावे: तारेच्या दोन्ही बाजू लागोपाठ छेडाव्यात, आणि सप्तक जुळले नसेल तर खुंटीला हात न लावता घोडी नखाने अलगद सरकवून पाहावी.

आता नादाविषयी. अक्रोडाच्या हलक्या काड्या, ज्यांना इराणी वादक मेजराब म्हणतात, त्यांच्या टोकांना नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) बारीक पट्टी लावलेली आहे. ती पट्टी काढून नुसत्या लाकडाने वाजवले, तर आवाज तीक्ष्ण, काचेवर खडा पडावा तसा येतो. नमदा असताना तोच आवाज गोल होतो, पण त्याची कड जात नाही. एका स्वराच्या चार तारा कितीही काळजीपूर्वक लावल्या, तरी त्यांच्यात अगदी किंचित फरक राहतोच, आणि त्या फरकातून स्वराला एक सूक्ष्म लहर येते. संगणकावर तयार केलेल्या संतुराच्या आवाजात हीच लहर नसते, म्हणून तो निर्जीव वाटतो. खालच्या पितळी तारांचा आवाज उबदार आणि किंचित धूसर, मधल्या पोलादी तारांचा सर्वांत स्वच्छ, आणि घोडीमागच्या तारांचा बारीक व लवकर विरणारा आहे. माझ्या वाद्यात घोडीमागचे शेवटचे दोन स्वर पातळ वाजतात, आणि या किमतीच्या वाद्यात ही उणीव अपेक्षित असली तरी ती नोंदवायला हवी.

सतार किंवा तंबोरा ऐकणाऱ्याला येथे जवारी सापडणार नाही. तारेचा स्वर येथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ राहतो. तंबोऱ्याप्रमाणे तो उलगडत, फुलत जात नाही. मींडही नाही. स्वर लांबवायचा असेल, तर दोन्ही मेजराबांनी एकाच तारेवर अतिशय जलद आणि सम आघात करीत राहावे लागते. याला रीज म्हणतात, आणि इराणी संतूरवादनाचा प्राण त्यातच आहे. पायवर यांचे जुने ध्वनिमुद्रण किंवा परवीज मेश्कातियान (1955–2009) यांचे वादन ऐकले, तर रीज म्हणजे केवळ स्वर टिकवण्याची युक्ती नसून तिच्यात उठाव, उतार, थांबणे आणि विरणे हे सारे सामावलेले असते, हे ध्यानात येते. शिवकुमारजींनी काश्मिरी संतूर अभिजात रागसंगीतासाठी सुधारताना घोड्यांची संख्या 31 व तारांची 91 केली, वाद्य मांडीवर घेतले आणि कलम घसरवून सलग नाद निर्माण करण्याची वाट शोधली. इराणी परंपरेला ती वाट शोधण्याची गरज पडली नाही, कारण तिचे संगीत छोट्या, रेखीव वाक्प्रचारांनी बोलते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वास घेते. दोन्ही मार्ग मला तितकेच थोर वाटतात. परंतु यमनचा आलाप करायला कोणी हे वाद्य घेत असेल, तर त्याने घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

हिंदुस्थानी कानाला खरा आनंद मिळतो तो स्वरांतरांत. इराणी संगीतात सात मुख्य दस्तगाह, म्हणजे ठरावीक स्वर-चौकटी, आहेत, आणि त्यांतील अनेकांत आपल्या कोमल व शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी राहणारे स्वर लागतात. अशा उतरलेल्या स्वराला कोरोन म्हणतात. त्याचे आणि चढवलेल्या सोरीचे लेखनचिन्ह अली-नकी वझीरी (1887–1979) यांनी रूढ केले. माहूर हा दस्तगाह आपल्या बिलावलाच्या इतका जवळ आहे की नवशिक्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. चहारगाह ऐकताना भैरव आठवल्याशिवाय राहत नाही: गंधार शुद्ध, निषाद शुद्ध, आणि रिषभ-धैवत उतरलेले. पण भैरवात रिषभ आणि धैवत जेथे खाली झुकून आंदोलन घेतात, तेथे चहारगाहात ते बरेच वर, कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध ठाम उभे राहतात. कित्येक दिवस माझा कान त्यांना बेसूर समजून दुरुस्त करू पाहत होता. मग एके दिवशी तो रिषभ जागेवर बसला आणि त्यानंतर चहारगाहाचा रंग भैरवाहून पूर्ण निराळा, वीररसाकडे झुकणारा ऐकू येऊ लागला.

याची किंमत मेहनतीने मोजावी लागते. संतुरात स्वरस्थाने मोजकीच असल्यामुळे दस्तगाह बदलला की तारा बदलाव्या लागतात. सोल-कूक संतुरावर षड्ज पाश्चात्त्य ‘डो’वर धरून माहूरमधून चहारगाहात जायचे, तर रिषभाचे दोन संच आणि धैवताचे दोन संच, म्हणजे 16 तारा उतरवाव्या लागतात. पद्धत अशी: एका संचातील तीन तारा कापडाच्या पट्टीने दाबून धरायच्या, चौथी ट्यूनरवर किंवा कानाने लावायची, मग एकेक तार मोकळी करून पहिलीशी मिळवायची. ट्यूनरचा काटा कोरोनवर कुठेच स्थिर होत नाही, दोन स्वरांच्या मध्ये लटकत राहतो, आणि तेथे चांगल्या वादकाचे ध्वनिमुद्रण हाच आधार उरतो. किल्ली अगदी थोडी फिरवावी लागते. पोलादी खुंटी लाकडात किंचित करकरते आणि स्वर अपेक्षेपेक्षा जास्त चढतो. संपूर्ण वाद्य जुळवण्यास नवशिक्याचा बराच वेळ जातो. ज्याला तंबोरा जुळवण्यातच समाधान मिळते अशा माणसाला हे काम रुचेल. ज्याला वाद्य उघडताक्षणी वाजवायचे असते, त्याला ते जाचक वाटेल.

पुण्याची हवा या वाद्याची खरी परीक्षा घेते. तेहरानचा उन्हाळा कोरडा असतो आणि तेथील पाऊस मुख्यतः हिवाळ्यात व वसंतात पडतो. आपल्याकडे मात्र जून ते सप्टेंबर हवा ओली असते. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते, वरची फळी किंचित फुगून घोड्या वर ढकलते आणि स्वर चढतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत उलट होऊन तो उतरतो. सर्व तारा एकाच प्रमाणात चढल्या-उतरल्या असत्या तर चालले असते, परंतु मधल्या घोड्यांवर परिणाम जास्त दिसतो. वाद्य पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवल्यावर हा त्रास बराच कमी झाला. पोलादी तारांना गंज चढतो, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने त्या पुसाव्यात. तरीही चामड्याची वाद्ये घेण्यापेक्षा हे सोपे आहे. कोकराच्या पातळ कातड्याने मढवलेल्या ‘तार’ नावाच्या वाद्याचे किंवा गजाने वाजणाऱ्या कमांचेचे मुख आपल्या पावसाळ्यात सैल पडते आणि आवाज बसतो. कोणाला छोटे, शांत आणि शेजाऱ्यांना त्रास न देणारे इराणी वाद्य हवे असेल, तर तुतीच्या लाकडाचा, तर्जनीच्या नखाने छेडला जाणारा सेतार अधिक योग्य ठरेल. त्याचा आवाज एका खोलीपुरता असतो आणि चारच तारा जुळवाव्या लागतात.

दुरुस्तीची सोय येथे मर्यादित आहे. एका खुंटीची पकड सैल झाली तेव्हा मी वाद्य शहरातील एका जुन्या कारागिराकडे नेले. त्यांनी आधी वाद्य उलटेसुलटे करून निरखले आणि म्हणाले, “ताई, ह्या खुंट्या आपल्या सतारीसारख्या नाहीत, पियानोसारख्या आहेत. लाकडी खुंटी खडू लावून बसवता येते, ही नाही.” त्यांनी खुंटी काढून भोकात लाकडाचा अतिशय पातळ पापुद्रा घातला आणि ती पुन्हा ठोकून बसवली, ती आजपर्यंत घट्ट आहे. मात्र दुसऱ्या एका दुकानात तुटलेल्या तारेऐवजी मला जाड तार देण्यात आली, तिने त्या संचातील बाकीच्या तिन्ही तारांशी कधीच मेळ साधला नाही आणि अखेर ती काढून टाकावी लागली. या तारा जेमतेम 0.35 मिलिमीटर जाडीच्या असतात. पोलादी तार आपल्या सतारीच्या बाजाच्या तारेच्या जवळपासची चालते, परंतु मोजून घ्यावी. पितळी तारा इराणहूनच मागवलेल्या बऱ्या.

वाद्यासोबत आलेली कापडी पिशवी अगदीच अपुरी आहे, आणि एवढ्या निगुतीने घडवलेल्या वाद्याला ती शोभत नाही. कडक पेटी वेगळी करून घ्यावी लागली. मेजराबांची एक जोडी हलक्या प्रतीची होती, तिचा नमदा काही आठवड्यांत सुटला.

पुण्यात इराणी संतूर घेणाऱ्याने वापरलेले वाद्य मिळत असेल तर ते पाहायला जाताना आधी पेटीचा तळ आणि खुंट्यांच्या बाजूची फळी उजेडात धरून भेगा आहेत का ते पाहावे, मग प्रत्येक संचाच्या चारही तारा एकेक करून छेडाव्यात, आणि किमान एक पितळी संच अर्ध्या स्वराने उतरवून पुन्हा चढवून खुंटी जागेवर थांबते का हे विक्रेत्यासमोरच तपासावे. किल्ली, पितळी तारांचा एक पूर्ण जादा संच आणि मेजराबांची चांगली जोडी व्यवहारातच मागून घ्यावी, कारण या तीन वस्तू नंतर येथे सहजासहजी मिळत नाहीत.