नॅसवर युजर अकाउंट: सगळ्यांना एकच लॉगिन, प्रत्येकाला वेगळं की थेट डोमेन?

नॅसवर, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइल ठेवणाऱ्या बॉक्सवर, गेस्ट अ‍ॅक्सेसचा (पासवर्डशिवाय प्रवेशाचा) विचार करत असाल तर तो आधीच सोडा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो एडिशनमध्ये एसएमबी (विंडोजची फाइल शेअरिंगची पद्धत) सायनिंग, म्हणजे प्रत्येक मेसेजवर खरेपणाची सही, बाय डिफॉल्ट लागतं, गेस्ट लॉगिनला ते जमत नाही, त्यामुळे शेअर उघडतच नाही, आणि मग लोक सेटिंग ढिली करत बसतात. कशाला?

सगळ्यांना एकच लॉगिन हा प्रकार मात्र मोहात पाडतो. पाच मिनिटांत काम होतं, पासवर्ड एकच, कोणी विचारलं की सांगून टाकायचा. पण फाइल कोणी उडवली हे लॉगमध्ये कळणार नाही, कारण सगळीकडे नाव तेच. एक माणूस सोडून गेला की पासवर्ड बदलायचा आणि मग प्रत्येकाच्या मशीनवर जाऊन पुन्हा टाकायचा. आणि एका लॅपटॉपवर रॅन्समवेअर शिरलं तर त्या लॉगिनला जिथे जिथे राइट परमिशन आहे ते सगळं गेलं, म्हणजे बहुतेक वेळा अख्खा नॅसच.

प्रत्येकाला वेगळं लोकल अकाउंट दिलं की सुरुवातीला अर्धा-एक तास जास्त जातो, पण वरची तिन्ही दुखणी बरीच आटोक्यात येतात. फक्त परमिशन युजरला देऊ नका, ग्रुपला द्या, युजर ग्रुपमध्ये टाका, नाहीतर वर्षभराने कोणाला काय दिलंय ते तुम्हालाच कळणार नाही. साधा लिनक्स सर्व्हर असेल तर सांबाचा (लिनक्सवर एसएमबी शेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पासवर्ड सिस्टीमच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवला जातो, युजर बनवला तरी smbpasswd शिवाय, म्हणजे एसएमबीपासडब्ल्यूडी कमांड चालवल्याशिवाय, तो शेअरमध्ये शिरू शकत नाही. शेल लॉगिन, म्हणजे सर्व्हरवर कमांड चालवायचा प्रवेश, द्यायची गरज नाही.

विंडोजचा एक वैताग इथे हमखास भेटतो: एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी कनेक्ट होता येत नाही, एरर १२१९ येतो. जुनं कनेक्शन तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी एंट्री उडवा, मग पुन्हा ट्राय करा. उलट पीसीवरचं आणि नॅसवरचं युजरनेम-पासवर्ड सेम असेल तर बहुतेक वेळा विचारतही नाही, सरळ उघडतं. पिन मात्र चालणार नाही, तो त्या मशीनपुरताच असतो.

एनएफएस (लिनक्स-युनिक्सची फाइल शेअरिंगची पद्धत) वापरणार असाल तर गणित वेगळं. नेहमीच्या सेटअपमध्ये तिथे नाव नाही, यूआयडी, म्हणजे सिस्टीमने युजरला दिलेला नंबर, बघितला जातो, म्हणून दोन्हीकडे नंबर जुळवा, नाहीतर एकाची फाइल दुसऱ्याच्या नावावर दिसेल.

मग अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी किंवा एलडॅप, म्हणजे सगळी अकाउंट एकाच सर्व्हरवर ठेवायची पद्धत (वर म्हटलेलं डोमेन वगैरे), कधी? बरेच जण माणसं मोजतात, मी म्हणेन बॉक्स मोजा. लोकल अकाउंट त्या एका नॅसपुरतं असतं, त्यामुळे एकच नॅस आणि पंधरा माणसं असली तरी ते व्यवस्थित सांभाळता येतं, पण तीन नॅस झाले की प्रत्येक नवा माणूस तीनदा बनवायचा, प्रत्येक पासवर्ड तीनदा बदलायचा, आणि एक कुठेतरी राहतोच. डोमेनमध्ये ते एकाच जागी होतं. पण डोमेन कंट्रोलर (ही अकाउंट सांभाळणारा सर्व्हर) बंद पडला तर लॉगिन अडकतं, डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधणारी सेवा) नीट हवं, आणि घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस (डोमेनमध्ये लॉगिन तपासणारी यंत्रणा) रुसतो. हे बघायला कोणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आणि काहीही निवडलं तरी बॅकअपसाठी वेगळं अकाउंट ठेवा, त्या फोल्डरला बाकी कोणालाच राइट देऊ नका, स्वतःच्या रोजच्या लॉगिनलासुद्धा नाही.