पेट्रोव की चिगोरिन: आधी कोणाचे डाव पटावर मांडायचे?

रशियन बुद्धिबळ मुळापासून बघायचे आहे, पण वेळ आहे महिनाभराच्या संध्याकाळींपुरता. मग अलेक्झांडर पेट्रोव (1794–1867) घ्यावा की मिखाईल चिगोरिन (1850–1908)?

पहिलेपणाचा मान पेट्रोवचा. सरकारी नोकरी सांभाळत तो खेळला आणि 1824 मध्ये त्याने रशियन भाषेत बुद्धिबळाचे पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा बचाव आजही जिवंत आहे: पांढऱ्याच्या घोड्याने आपल्या प्याद्यावर नेम धरला, की ते राखत न बसता आपणही घोडा काढून त्याच्या प्याद्यावर नेम धरायचा. 2018 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कारुआनाने कार्लसनविरुद्ध हाच वापरला. पण पेट्रोवचे डाव हाती लागतात ते मोजकेच. 1844 चा वॉर्सामधला हॉफमनविरुद्धचा मात्र चुकवू नका. वजीर मारात असताना हा गडी शांतपणे किल्लेकोट करतो आणि मग पांढऱ्या राजाला पटभर पळवतो.

चिगोरिनकडे भांडारच आहे. नोकरी सोडून तो पटाला वाहून घेतलेला. 1895 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तो दुसरा आला, पण पहिल्या आलेल्या पिल्सबरीला आणि तिसऱ्या लास्करला त्याने हरवले होते. लास्करविरुद्ध त्याचे दोन घोडे दोन उंटांना भारी पडले. उंट घोड्यापेक्षा सरस, हे शिकवून ठेवलेल्या आपल्यासारख्यांना तो डाव चांगलाच झोंबतो. वजिरासमोरच्या प्याद्याने सुरू होणाऱ्या डावांत त्याचा बचावही तसाच हट्टी: घोडा सी6 या घरावर, स्वतःच्याच प्याद्याची वाट अडवून.

आणि हवाना, 1892 ची जगज्जेतेपदाची लढत. जगज्जेता स्टाइनिट्झ 9 डाव जिंकलेला, चिगोरिन 8. तेविसाव्या डावात चिगोरिनकडे एक मोहरा जास्त, जिंकला की बरोबरी. त्याने एच2 या घरातले प्यादे राखणारा उंटच हलवला. स्टाइनिट्झच्या हत्तीने ते प्यादे टिपले, पुढच्या चालीला मात. जगज्जेतेपद हुकले.

माझे मत चिगोरिनच्या बाजूने. कारण तो बरोबर कुठे होता आणि कुठे घसरला, दोन्ही चालीगणिक तपासता येते. स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी राजासमोरच्या प्याद्याला उत्तर हवे असेल, तेवढ्यापुरता पेट्रोव आधी घ्या. हॉफमनचा डाव तर एका संध्याकाळीच होईल.