बुट्टी नंतर, जमीन आधी: नक्षीचे कपडे सात महिने वापरल्यावर

नक्षीचं कापड घेताना दुकानात सगळ्यांचं लक्ष बुट्टीकडे जातं. कैरी आहे की कमळ, लाल आहे की निळी, बारीक आहे की मोठी. बगरू, सांगानेरी, कच्छची अजरख छपाई, पोचमपल्ली इकत, खण आणि कुठेही मिळणारं डिजिटल प्रिंटचं रेयॉन असं सगळं सात महिने आलटून-पालटून अंगावर घातल्यावर आमचं मत पक्कं झालं आहे. कपडा चेहऱ्याला खुलतो की चेहरा ओढलेला दिसतो, हे बहुतेक वेळा जमीन ठरवते. जमीन म्हणजे बुट्ट्यांच्या मागचा तळाचा रंग. दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही: ही जमीन धुण्यागणिक बदलते. पहिल्या दिवशी शोभलेला कुर्ता पाचव्या महिन्यात का शोभत नाही, याचं उत्तर पुष्कळदा तिथे सापडतं.

वापरणाऱ्या आम्ही तिघी. एक सावळी, त्वचेला पिवळी झाक. दुसरी गव्हाळ, पण हिरवट झाकेची. तिसरी निमगोरी, गुलाबी झाकेची. पुढचं सगळं या तिन्हींवर ताडून लिहिलं आहे.

आधी झाक, म्हणजे त्वचेच्या रंगातून डोकावणारी पिवळी, गुलाबी, हिरवट अशी छटा. हिला हल्ली सगळे अंडरटोन म्हणतात. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी हे शब्द रंग किती गडद ते सांगतात, झाक सांगत नाहीत. आपल्याकडे झाकेचेही शब्द होते. ‘केतकी’ म्हणजे पिवळसर गोरी, ‘तांबूस गोरी’ म्हणजे लालसर. सावळ्या रंगासाठी मात्र असा फरक कुणी करत नाही, आणि त्यामुळे ‘सावळ्यांनी फिकट घालू नये’ असले सरसकट सल्ले मिळतात. सावळ्या त्वचेतही पिवळी, तांबूस, निळसर, हिरवट असे सगळे प्रकार असतात.

मनगटाच्या शिरा बघून झाक ओळखायची युक्ती सगळीकडे सांगतात. शिरा हिरव्या तर उबदार, म्हणजे पिवळ्याकडे झुकणारी. निळ्या तर थंड, म्हणजे गुलाबी-निळ्याकडे झुकणारी. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर ती फसते. मेलॅनिन जास्त असलं की त्यातून दिसणाऱ्या शिरा बहुतेकांच्या हिरवटच वाटतात. त्यापेक्षा कापडाचीच परीक्षा घ्यावी. अर्धा मीटर कोरा मांजरपाट आणि अर्धा मीटर धुवट पांढरं पॉपलिन घ्या. सकाळी दहा-अकराला खिडकीजवळ उभं राहा, थेट ऊन नको, जवळची भिंत गुलाबी किंवा पोपटी नको. चेहऱ्यावर काही लावलेलं नको, केस मागे. दोन्ही कापडं आळीपाळीने हनुवटीखाली धरा आणि कापडाकडे न बघता डोळ्यांखालची वर्तुळं, नाकाच्या कडा आणि ओठांभोवतीची त्वचा बघा. मांजरपाटाने ही वर्तुळं फिकी होत असतील तर झाक पिवळी. पॉपलिनने होत असतील तर गुलाबी किंवा निळसर. दोन्हींनी काहीच फरक पडत नसेल तर मध्यम. मांजरपाटाने त्वचा मळकट आणि पॉपलिनने राखाडी दिसली तर बहुधा हिरवट झाक. मग खात्रीसाठी विटकरी आणि राणी रंगाच्या ओढण्या तशाच धरून बघा. चेहरा उन्हाने रापलेला असेल तर कॉलरखालच्या त्वचेवर ताडा. हातांवर कधीच नको.

एकरंगी कापडात काम इथे संपतं. नक्षीत इथून सुरू होतं, कारण शेजारचे रंग एकमेकांना बदलतात. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातले विणकर तक्रार करायचे की काळा धागा फिका निघतो. रंगाई खात्याचे प्रमुख शेव्रल यांनी तपासलं तेव्हा रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. हा नियम त्यांनी १८३९ मध्ये मांडला. कुर्त्यालाही तोच लागू. बुट्टीला काळी रेघ असेल तर सगळं कापड गडद आणि तीक्ष्ण दिसतं. तीच बुट्टी, तेच रंग, पण पांढरी रेघ, तर सगळं उजळ. म्हणून रेघेचा रंग मुद्दाम बघावा.

आता नक्षी किती बारीक आहे ते. दोन-तीन मिलिमीटरची वीण किंवा ठिपके लांबून वेगळे दिसतच नाहीत. डोळा त्यांचा एकच रंग करतो. पिवळे आणि निळे बारीक ठिपके जवळून कितीही छान असोत, सहा-सात फुटांवरून ते राखाडी-हिरवट होतात. चेहऱ्याशेजारी काम करतो तो हा एकत्र झालेला रंग. दुकानात कापड लटकवून तेवढं मागे जा आणि डोळे अर्धे मिटून बघा. किंवा मोबाइलने मुद्दाम अस्पष्ट फोटो काढा, पण चौकटीत एक कोरा कागद ठेवा, नाहीतर कॅमेरा आपल्या मनाने रंग फिरवतो. मुठीएवढ्या बुट्ट्या मात्र एक होत नाहीत. तिथे गळ्याजवळ नेमका कोणता रंग येतो ते शिंप्याच्या हातात असतं. आणि कापड दारात आणून बघितल्याशिवाय फाडायला सांगू नका. पिवळ्या दिव्यांच्या दुकानात सांगानेरीसुद्धा बगरू वाटतं.

हा दोघांतला फरक सगळ्यात शिकवून गेला. दोन्ही गावं जयपूरजवळची, दोन्हीकडे लाकडी ठसे, बुट्ट्याही पुष्कळदा सारख्या. बगरूत कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे जमीन मलईसारखी पिवळट येते. सांगानेरीची जमीन स्वच्छ पांढरी. म्हणजे तीच लाल-काळी बुट्टी एकीकडे उबदार, दुसरीकडे थंड. पिवळ्या झाकेला पहिल्या दिवशी बगरू अगदी मनासारखं दिसलं. गुलाबी झाकेला त्याने आजारी करून टाकलं, सांगानेरीने चेहरा उघडला. हिरवट झाकेला दोन्हींत मजा आली नाही.

पण बगरूशी जमलेलं हे नातं टिकवावं लागतं. हिरड्याचा पिवळटपणा पहिल्या पाच-सहा धुण्यांत बराच उतरतो. तो उतरणार हे धरूनच, हवी त्यापेक्षा किंचित पिवळी जमीन निवडावी. खरी वाट लावते ती धुण्याची पावडर. बहुतेक पावडरींत पांढरेपणा चमकवणारं द्रव्य असतं. उन्हातला न दिसणारा अतिनील भाग शोषून ते निळसर प्रकाश बाहेर टाकतं. पांढऱ्या शर्टाला हे चांगलं, मलईच्या जमिनीला घातक. आमच्या दोन बगरू कुर्त्यांपैकी एक पावडरीने धुतला, एक रिठ्याने. सातव्या महिन्यात शेजारी ठेवले तर पहिला जवळजवळ सांगानेरी झाला होता. पांढऱ्या कपड्यांना घालतात त्या निळीचंही तेच. गुलाबी झाकेच्या व्यक्तीने मुद्दाम असं करावं का? करता येईल, पण लाल रंगही सोड्याच्या क्षाराने जांभळटाकडे झुकतो, हे धरून चाला.

हिरड्याचं आणखी एक दुखणं म्हणजे लोखंड. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. बगरूचा काळा मुळात असाच, गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून करतात. म्हणून बोअरच्या लोहयुक्त पाण्यात भिजवलेलं बगरू करडं पडतं, आणि गंजक्या टाचणीने किंवा तारेने पडलेला डाग गंजाचा तांबडा न राहता काळा होऊन बसतो. प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचे चिमटे, आणि शक्यतो नळाचं पाणी.

अजरख तिघींनाही चाललं, आणि त्याला कारण आहे. निळीचा निळा थंड, मंजिष्ठेच्या जातीचा लाल उबदार, मध्ये पांढऱ्या रेघा, आणि दोन्ही रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात. डोळे अर्धे मिटले की गडद वांगी रंग उरतो, तो कुणालाच फारसा वैरी नाही. कच्छमधलं धमडका हे याचं जुनं गाव. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यातलं लोह वाढलं आणि ही छपाई करणाऱ्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी अजरखपूर वसवलं. लाल रंगाला पाणी किती जपावं लागतं ते यावरून कळावं. वापरात काय होतं तर निळा झिजतो, लाल टिकतो. नीळ धाग्याच्या वरच्या थरातच जास्त बसलेली असते, जीन्ससारखी, त्यामुळे घासलं जाईल तिथे ती उतरते. सातव्या महिन्यात आमचं अजरख पहिल्यापेक्षा उबदार दिसतं. गुलाबी झाकेने म्हणून निळ्या जमिनीचं घ्यावं, पिवळ्या झाकेने लाल जमिनीचं बिनधास्त घ्यावं. पहिली तीन-चार धुणी वेगळी करा आणि पांढरी पिशवी खांद्याला लावू नका, नीळ पुसली जाते. मीठ घातल्याने रंग पक्का होतो हा समज सोडून द्या. मीठ रंगवताना रंगाला धाग्याकडे ढकलायला मदत करतं, नंतर घातलेल्या मुठीने काही बांधलं जात नाही.

पोचमपल्ली इकतात धागे आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. त्यामुळे नक्षीच्या कडा पिसासारख्या पसरट येतात. दोन रंग जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या मधला तिसरा रंग आपोआप होतो. हिरवट झाकेला, जिला मोहरी रंग मळवतो आणि गुलाबी रंग राखाडी करतो, हेच कापड सगळ्यात लागू पडलं. मोरपंखी-वांगी जोडी, किंवा आमसुलीवर करडं. काळ्या-पांढऱ्या-लाल इकताचा मोह मात्र तिने टाळावा, त्यातला पांढरा फार स्वच्छ असतो. रंग दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने वापरात कापड एकसारखं उतरतं, चट्टे पडत नाहीत. टिकण्याच्या बाबतीत आमचा पहिला नंबर इकताला.

खणाबद्दल थोडक्यात. गुळेदगुड्डचा असो की त्याची यंत्रमागावरची नक्कल, वीण इतकी बारीक की खण हे एकरंगी कापड समजूनच निवडावं. फक्त ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे असतील तर धूपछाव येते. कापड हातात धरून तिरकं करा आणि दोन्ही रंग झाकेवर ताडा. हिरव्यात पिवळा बाणा की निळा बाणा, एवढ्यानेच पोपटी आणि मोरपंखी हा फरक पडतो. पन्हा अरुंद असतो, साधारण ३१ इंच, त्यामुळे कुर्त्याला ४४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर लागत असेल तर खणाचं माप शिंप्याला विचारूनच घ्या. गडद खणाच्या ब्लाउजची काख घामाने सगळ्यात आधी फिकी पडते. अस्तर लावाच.

इरकल नेसताना अंगाच्या चौकडीची फार चिंता नको. मानेलगत येतो तो काठ आणि ब्लाउज. काठ लाल असेल तर तो विटकरीकडे झुकतो की डाळिंबीकडे, एवढं बघितलं तरी पुरे.

डिजिटल रेयॉन सगळ्यात निराश करून गेलं. रंग उतरले म्हणून नाही, ते बऱ्यापैकी टिकले. पण छपाईखालचा पांढरा निळसर असतो आणि तो प्रत्येक फिकट रंगातून डोकावतो. पडद्यावर अबोली दिसलेली फुलं हातात आल्यावर थंड गुलाबी निघतात. पिवळ्या झाकेने ऑनलाइन मागवायचंच असेल तर जमीन गडद असलेलं मागवावं.

चुकीचं कापड घरात आलंच असेल तर ते फेकायची गरज नाही. चेहऱ्यावर परिणाम होतो तो गळ्यापासून साधारण वीतभर भागाचा. शिंप्याकडून गळ्याला एक इंच रुंदीची एकरंगी पट्टी लावून घ्या, पिवळ्या झाकेला मांजरपाटी किंवा विटकरी, गुलाबीला धुवट पांढरी किंवा गुलबक्षी, हिरवटीला वांगी. बंद गळा असेल तर पट्टीचं काम जास्त ठळक दिसतं. खोल गळ्यात नक्षी आपोआप लांब जाते आणि पट्टीची गरजच कमी होते. मोठ्या बुट्टीच्या कापडात पाव मीटर जास्त घेऊन शिंप्याला खडूने खूण करून द्या की गळ्याजवळ हाच रंग यायला हवा. आणि पट्टीचं कापड कुर्त्याच्या कापडासोबतच एक रात्र भिजवून, वाळवून मग कापायला द्या. सुती कापड मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. पट्टी नंतर आटली तर पहिल्याच धुण्यात गळा चुण्या पडून उभा राहतो.