विश्वाला कर्ता आहे का? दोन्ही बाजू बघितल्या, माझं मत कुठं झुकलं ते सांगतो

देव आहे का नाही हा प्रश्न इथं घेत नाहीये, तो ज्याचा त्याचा. प्रश्न एवढाच की तारे, अणू, जीव, निसर्गाचे नियम हे सगळं बघून याला कुणीतरी घडवणारा आहे असं पुराव्यानं म्हणता येतं का. माझ्या ओळखीतले बरेच जण सध्या या पेचात आहेत, विशेषतः इंजिनिअरिंगला गेलेली पोरं, आणि दोन्हीकडचे व्हिडिओ बघून बघून ती आणखीनच गोंधळतात. मी या विषयात बराच काळ डोकं घातलंय म्हणून लिहितो. बिग बँग काय, उत्क्रांती काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

डिझाइनचा मुद्दा आधी उरकू. एवढं व्यवस्थित जग आपोआप कसं होईल, हा तो मुद्दा. इंग्लंडमध्ये पेलीनं १८०२ मध्ये घड्याळाचं उदाहरण देऊन मांडला, पण आपल्याकडं नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या तर्कपंडितांनी, त्याच्या कितीतरी आधी मडकं आणि कुंभार घेऊन मांडला होता, दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी तर ईश्वरसिद्धीवर अख्खा ग्रंथ लिहिला. सजीवांपुरता हा मुद्दा १८५९ नंतर, म्हणजे डार्विननंतर, उरला नाही असं मला वाटतं. आपल्या डोळ्यात पडद्याच्या नसा प्रकाशाच्या बाजूनं पसरतात आणि मेंदूकडं जायला त्यांना पडद्यातूनच वाट काढावी लागते, तिथं अंधबिंदू, म्हणजे काहीच न दिसणारी जागा, तयार होतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात ही भानगडच नाही. मुद्दाम घडवणाऱ्यानं आपल्याला का सोडलं मग?

पण इथं एक गोष्ट मला सोलापुरात राहून जास्त नीट कळली. आपली चादर घ्या. पॉवरलूमच्या कारखान्यात मागावर जॅकार्ड बसवलेलं असतं आणि त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते, भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि असं करत करत मोर नाहीतर फूल उमटतं. आता समजा एका कार्डात एक भोक चुकीच्या जागी पडलंय. मग प्रत्येक मोराच्या त्याच जागी तोच दोष येतो. जाणता कारागीर तो दोष बघून सरळ त्या कार्डापर्यंत जातो, आणि कार्डावरून ते पाडणाऱ्या माणसापर्यंत. याला मी घडवणाऱ्याचा पुरावा म्हणतो. चादर सुंदर आहे म्हणून विणकर आहे असं नाही, चादरीपासून विणकरापर्यंतची वाट चालता येते म्हणून आहे. विश्वाच्या बाबतीत अशी वाट मला कुणी दाखवली नाही. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींनी नैयायिकांना हेच विचारलं होतं, की नुसती माती आकाराला आली म्हणून कुंभार धरायचा तर वारूळसुद्धा कुंभारानंच केलंय म्हणायचं का. सातव्या शतकातला प्रश्न आहे, आजही तितकाच जड आहे.

दुसरा मुद्दा सुरुवातीचा. विश्वाला सुरुवात आहे, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे सुरू करणारा पाहिजेच. ऐकायला एकदम पटतं. माझ्या एका मित्राचं तर एकच वाक्य, "मग कोण केलंय बे हे सगळं?" यात गंमत कुठं आहे बघा. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होते. १९५१ मध्ये पोपनी जाहीरपणे सांगितलं की आता विज्ञानानंच निर्मितीला दुजोरा दिला, आणि ते लमेत्रना रुचलं नाही. त्यांचं म्हणणं असं की हा सिद्धांत देवाच्या प्रश्नात कुठल्याच बाजूनं पडत नाही. ज्या माणसाला हा पुरावा सगळ्यात जास्त सोयीचा होता तोच नको म्हणतोय, याचा माझ्यावर फार परिणाम झाला. शिवाय बिग बँगच्या अगदी पहिल्या क्षणाचं भौतिकशास्त्र अजून कुणाकडं नाहीये, त्यामुळे "सुरुवात" म्हणून नक्की काय झालं हे छातीठोकपणे कुणीच सांगू नये.

आता खरी टक्कर आहे ती तिसऱ्या मुद्द्यात, आणि कर्तापक्षाला माझ्याकडून सगळ्यात जास्त मार्क इथं मिळतात. निसर्गाचे आकडे. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जेमतेम ०.१४ टक्के जड आहे, हेच उलटं असतं तर हायड्रोजन टिकला नसता, मग पाणी नाही, सूर्यासारखे तारे नाहीत. कार्बनचं तर अजून भारी आहे. ताऱ्याच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं जुळून कार्बन होतो, पण साध्या हिशेबानं तो फारच कमी व्हायला पाहिजे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलनी १९५३ मध्ये उलटा विचार केला, आपण आहोत म्हणजे कार्बन आहे, म्हणजे कार्बनच्या केंद्रकात ७.६५ एमईव्हीच्या (हे ऊर्जा मोजायचं एकक) आसपास एक ऊर्जा-पातळी असलीच पाहिजे. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेमधल्या लोकांनी प्रयोग केला आणि ती सापडली! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरंच पुस्तक मिटून बसलो होतो. हॉइल काही धार्मिक माणूस नव्हते, तरी पुढं त्यांनी लिहिलं की कुणीतरी महाबुद्धिमानानं भौतिकशास्त्रात हात घातलाय असं वाटतं.

याला समोरच्या बाजूचं उत्तर म्हणजे बहुविश्व. विश्वं असंख्य, प्रत्येकात आकडे वेगळे, जिथं जमलं तिथं आपण. प्रामाणिकपणे सांगतो, हे उत्तर मला पूर्ण समाधान देत नाही, कारण ती बाकीची विश्वं कुणाला दिसलेली नाहीत आणि कदाचित दिसणारही नाहीत. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. भौतिकशास्त्रज्ञ वाइनबर्गनी १९८७ मध्ये याच पद्धतीनं विचार करून म्हटलं होतं की वैश्विक स्थिरांक, म्हणजे विश्वाचं प्रसरण रेटणारा आकडा, एका मर्यादेपेक्षा मोठा असणार नाही, पण शून्यच असायला पाहिजे असंही काही नाही. १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगानं होतंय हे कळलं आणि तो स्थिरांक तसाच निघाला, लहान पण शून्य नाही. सिद्ध झालं असं नाही, पण नुसती पळवाटही म्हणता येत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी म्हटलं असतं पन्नास-पन्नास. पण मला कर्तापक्षाची एक गोष्ट खटकत गेली, खटकत गेली, आणि शेवटी तिनंच ठरवलं.

मी कर्तापक्षाच्या लोकांना, यात माझे जवळचे मित्र आहेत, चांगले शिकलेले, सिद्धेश्वर तळ्याकाठी बसून एकच विचारायचो. विश्वात नक्की काय दिसलं असतं म्हणजे तुम्ही म्हणाला असता की बाबा, कर्ता नाही? याला उत्तर येत नाही. नियम कडक आहेत, म्हणजे नियम करणारा आहे. नियम मोडून चमत्कार झाला, तरी तो आहेच. आकडे जीवसृष्टीला अनुकूल आहेत म्हणजे त्यानं जुळवले, आणि प्रतिकूल असून आपण जगलो असतो तर तीही त्याचीच कृपा. आपल्या भागात पाऊस आला तर त्याची दया आणि दुष्काळ पडला तर परीक्षा, हे आपण लहानपणापासून ऐकतो, श्रद्धा म्हणून मी त्याचा मान ठेवतो. पण काहीही झालं तरी बाजू तीच जिंकणार असेल तर मग विश्व बघायची गरज काय राहिली? बघितलं काय न बघितलं काय, निकाल आधीच लागलेला. न्यूटनसारख्या माणसाला वाटलं होतं की ग्रहांच्या आपसातल्या ओढाताणीनं कक्षा हळूहळू बिघडतील आणि देवाला मधून मधून दुरुस्ती करावी लागेल. पुढं फ्रेंच गणिती लाप्लासनी गणितानं दाखवलं की त्यातले बरेच बदल आपोआप मागं फिरतात. देवाची तिथली गरज संपली, पण म्हणून कुणी पुरावा एकानं कमी झाला असं धरलं का? नाही. तो मुद्दा गुपचूप दुसरीकडं सरकला.

उलट बाजूला हरता येतं. हेच हॉइल बघा, आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. त्यांना विश्वाची सुरुवात ही कल्पनाच मान्य नव्हती, कायम असलेलं विश्व त्यांनी मांडलं, आणि १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सापडलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण, म्हणजे विश्वाच्या तापलेल्या सुरुवातीची उरलेली ऊब, जाहीर झालं तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांनी तो सिद्धांत बाजूला ठेवला. स्वतः हॉइल आणि नारळीकर शेवटपर्यंत पर्याय शोधत राहिले, पण आकाशाकडं बघून निकाल लागला. मला अशीच बाजू पाहिजे होती.

तर कुणी काय घ्यावं? तुमच्या मनाला कर्ता पटत असेल तर डोळा, पंख, फुलपाखरू सोडून द्या आणि कार्बनवर आणि त्या आकड्यांवर उभे राहा, तिथं तुमची बाजू खरंच मजबूत आहे, आणि उद्या त्यातून कुणी अशी वाट काढून दाखवली की जी चुकूही शकते, तर मी पुन्हा विचार करायला तयार आहे. तोपर्यंत तरी माझं मत असं की विश्वात कर्त्याचा पुरावा दिसत नाही. हे म्हणून मी गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालायचं थांबवलेलं नाही, आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांशी माझं जे नातं आहे त्याला ताऱ्यांचा दाखला लागत नाही.

आणि घरी काय सांगू अशी भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा, जैन जगाला अनादि मानतात, कर्ता मानतच नाहीत. मीमांसक तर वेद प्रमाण मानणारे, तरी कुमारिल भट्टांनी जगाचा कर्ता नाकारला. जुन्या सांख्य दर्शनाच्या लोकांनाही ईश्वराची गरज पडली नाही. घरात कुणी म्हणालं की हे काय परदेशी खूळ डोक्यात घेतलंस, तर ही तीन नावं शांतपणे सांगा, आवाज चढवायची गरज पडत नाही.