लग्नात वाटलेले 160 स्टीलचे डबे: सात महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात वन्संचा दहिसरहून फोन आला. पाऊस लागल्यापासून त्यांच्याकडे पोहे सादळले, बिस्किटं मऊ पडली. "पण वहिनी, तुमच्या डब्यातला चिवडा दहा दिवस झाले तरी कुरकुरीत आहे." याच वन्संनी डिसेंबरात मला ऐकवलं होतं की झाकण उघडता उघडता नख मोडलं, असली भेट कोण देतं. त्यांचं ते बोलणं मी सहा महिने मनात धरून होते. त्या फोनमुळेच आज सगळा हिशेब मांडून बसले आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या लेकीचं लग्न झालं, मुलुंडमध्येच. पाहुण्यांना द्यायच्या वस्तूंसाठी ह्यांनी पंचवीस हजार बाजूला काढून दिले होते आणि वर एक रुपयाही मिळणार नाही, असं बजावलं होतं. डबे आपले नेहमीचे, अर्धा किलो साखर मावेल एवढे, बाहेरून बसणाऱ्या झाकणाचे. त्यांचं वेगळं वर्णन करायला नको.

आधी मोजणी. यादीत माणसं 410 होती आणि पहिल्यांदा मी 410 नीच भागत बसले. माणशी जेमतेम साठ रुपये येत होते. साठ रुपयांत जे मिळतं ते घरी नेऊन कोणी वापरत नाही. मग यादी घरांप्रमाणे लिहून काढली, एका ओट्याला एक वस्तू. घरं भरली 152. आकडा खाली आल्याबरोबर चांगली वस्तू हाताशी आली. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी हे एवढं पहिल्या दिवशी करावं. आठ जास्तीचे धरून 160 घ्यायचे ठरवले. आठ कमी पडतात, पण ते पुढे सांगते.

लेकीला सुगंधी मेणबत्त्या हव्या होत्या, जावयांच्या बहिणीने फोटोफ्रेम सुचवली, कोणी गणपतीची छोटी मूर्ती म्हणालं. मूर्तीला मी पहिल्यांदा नाही म्हटलं. घरात आधीच चार असतात, पाचवी ठेवायला जागा नसते आणि टाकायला मन धजत नाही. कुंडीतली तुळस मला मनापासून आवडली होती. पण लग्नाहून लोकलने परतणाऱ्या माणसाच्या हातात ओल्या मातीची कुंडी द्यायची, हे पटेना.

डब्यावर मन बसलं ते माझ्या आईकडच्या एका पातेलीमुळे. तिच्या बुडाला टिंबाटिंबांनी माझ्या आत्याचं नाव आणि "मे 1984" एवढंच घातलेलं आहे. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्या पातेलीत आजही रोज दूध तापतं आणि घासताना बोटाला ती टिंबं लागतात. माझ्या लेकीचं लग्न लोकांच्या घरात असंच राहावं, असं मला वाटत होतं. म्हणून नाव बुडाला घातलं, लहान अक्षरांत, दोघांची नावं आणि तारीख. दुकानदार मात्र झाकणावर मोठं हृदय काढून त्यात नावं घाला म्हणत होता, फोटोत छान दिसतं म्हणून. दुसऱ्याच्या मुलीचं नाव रोज डोळ्यांसमोर राहील असं भांडं बायका ओट्यावर ठेवत नाहीत, ते माळ्यावर जातं. बुडाला असलेलं नाव कोणाला खटकत नाही.

खरेदी मुंबादेवीजवळच्या तांबाकाट्याला, भांड्यांच्या बाजारात केली. मुलुंडहून जाताना स्लो गाडीच धरावी लागते, मशीद स्टेशनला फास्ट थांबत नाही. माल किलोवर मिळतो. दुकानदाराने चुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, म्हणाला, "304 आहे ताई, डोळे झाकून घ्या." 304 म्हणजे भारीतलं स्टील, 202 म्हणजे हलकं. माझे दीर कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम करत होते, त्यांना मुद्दाम सोबत नेलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, चुंबकावर विसंबू नका, 202 लासुद्धा तो चिकटत नाही." 304 मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या वर असतं. 202 मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि दमट हवेत लवकर डागतं. उलट चांगल्या 304 च्या डब्यालाही काठाशी चुंबक किंचित ओढ घेतो, कारण पत्रा दाबून ओढताना तिथली ठेवण बदलते. भाऊजींनी बाटलीतलं द्रावण आणलं होतं. थेंब टाकून त्याला बॅटरीचा सेल जोडला की 200 च्या मालिकेचं, म्हणजे 202 सारखं, स्टील लालसर रंग दाखवतं. पहिल्या दोन दुकानांत थेंब लाल झाला. तिसऱ्या दुकानात झाला नाही, तिथे घेतले. भाव 460 रुपये किलो. डबा झाकणासकट 210 ग्रॅम. वजन मी कागद आणि खोका काढायला लावूनच केलं, नाहीतर पुठ्ठा स्टीलच्या भावाने घरी येतो.

बिलावर त्याने जीएसटी बारा टक्के लावला. भांड्यांवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून पाच टक्के झाला आहे, हे ह्यांनी पेपरात वाचून मला पाठच करून ठेवायला लावलं होतं. 160 डब्यांचे 15,456 रुपये. बारा टक्क्यांनी 17,311 होत होते, पाचने 16,229. एक हजार ब्याऐंशी रुपयांचा फरक. मी बिल पुन्हा करायला लावलं आणि ते हातात येईपर्यंत जागची हलले नाही.

आता झाकणं. डब्याचं सगळं काही त्याच्या झाकणात असतं, हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन. स्टील कितीही भारी असो, झाकण सैल असेल तर तो डबा नाही, उघडी वाटी आहे. आणि दुकानात मी स्टील तपासलं, वजन तपासलं, कर तपासला, झाकणं फक्त वरच्या दहा-बारा डब्यांची पाहिली. घरी आणल्यावर डबे भरायला घेतले. आपल्याकडे रिकामं भांडं देत नाहीत, म्हणून प्रत्येकात शंभर ग्रॅम खडीसाखर घालायची होती. भरलेला डबा नुसतं झाकण धरून उचलायचा, ही माझ्या सासूबाईंची परीक्षा. लटकला तर पास. तिसराच डबा धपकन खाली पडला आणि खडीसाखर सोफ्याखाली गेली. रात्री अकरापर्यंत सगळे 160 उचलून पाहिले. 34 पडले. लग्न नऊ दिवसांवर होतं आणि मला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी चौतीसच्या चौतीस दोन पिशव्यांत घालून लोकलने मशीदला गेले. दुकानदार म्हणाला, नाव घातलेला माल परत घेत नाही. हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. नाव घालायचं मशीन त्याच्याच शेजारी, खरेदी झाल्या झाल्या त्यानेच डबे तिकडे पाठवले होते. "एवढं उन्नीस-बीस चालतं ताई," हे त्याने तीन वेळा म्हटलं. मी म्हटलं, तुमच्या घरी मुंग्या होतात की नाही? तासभर वाद झाला. शेवटी त्याच्याकडच्या म्हाताऱ्या कारागिराने तोडगा काढला. नाव बुडाला आहे, झाकण कोरं आहे, मग झाकणंच बदला की. त्याने गोदामातून झाकणांचा ढीग आणला आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून एकेक बसवून पाहू लागलो. 26 जमली, आठ कशालाच जमेनात. माझे जास्तीचे आठ असे गेले. झाकणावर मोठं हृदय काढून घेतलं असतं तर चौतीसही गेले असते. त्या कारागिराने पैसे घेतले नाहीत. लग्नानंतर मी त्याला मुद्दाम लाडू नेऊन दिले.

तर नाव घालायच्या आधी प्रत्येक झाकण धरून डबा उचला. दुकानातच उचला, दुकानदार घाई करू लागला तरी. आणि जास्तीचे आठ नका घेऊ, पंधरा घ्या.

आता माझी चूक. जवळच्या पंचवीस घरांना डब्याशिवाय तांब्याची लोटीही द्यायची, असं मी ऐनवेळी ठरवलं. विहीणबाईंच्या माणसांसमोर आपलं कमी दिसू नये, एवढंच त्यामागे होतं. 290 प्रमाणे 7,250 रुपये. मांडवात सगळ्यांनी लोट्यांचं कौतुक केलं, डब्यांकडे कोणी वळून पाहिलं नाही. त्या दिवशी मला विचारलं असतं तर लोटी हीच खरी भेट, असं मी सांगितलं असतं. दोन महिन्यांत लोट्या काळवंडल्या. तांबं हवेने काळं पडतंच, चिंच-मीठ लावून घासलं की उजळतं, हे आपल्या बायकांना सांगायला नको. पण या लोट्यांवर चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक थर दिलेला होता. चिंचेने घासल्यावर तो जागोजागी सुटला आणि लोटी चट्ट्यापट्ट्याची दिसू लागली. मला हे घेताना कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तांबं घ्यायचंच असेल तर असा थर नसलेलं मागून घ्या, दुकानात ते मळकट दिसलं तरी.

डब्यांविषयीही माझं मत मध्ये दोनदा बदललं. फेब्रुवारीत थोरल्या जाऊबाईंनी डबा आणून दाखवला, आत तांबूस ठिपके. मला दुकानदाराचा इतका राग आला की दुसऱ्याच दिवशी मशीदला निघाले होते. भाऊजींनी विचारलं, वहिनींनी यात ठेवलं काय होतं? मीठ, तेही ओल्या चमच्याने काढलेलं. ओलं मीठ आठवडेच्या आठवडे साचून राहिलं तर 304 लाही ठिपके पाडतं, डब्याचा त्यात दोष नाही. जाऊबाईंनी ते घासून काढलं आणि आता त्यात रवा ठेवतात. मीठ बरणीतच ठेवावं.

दुसरं, घट्ट झाकणांचं. वन्संच्या नखाची गोष्ट ऐकून मला वाटू लागलं होतं की सैल झाकणांच्या धास्तीने मी फारच घट्ट निवडली. म्हाताऱ्या बायकांना उघडत नाहीत, अशा तक्रारी मार्चपर्यंत पाच आल्या. मग मी एकेकीला विचारलं तेव्हा कळलं की बहुतेकींनी चिवडा किंवा शंकरपाळी कढईतून काढून गरम गरमच भरली होती. गरम पदार्थ भरून झाकण दाबलं की आतली वाफ निवल्यावर आकसते आणि झाकण आत ओढून धरते. त्या वाफेनेच चिवडाही मऊ पडतो. पदार्थ पूर्ण निवू द्यावा. झाकण अडकलंच तर त्यावर कोमट पाणी सोडावं, लगेच निघतं. नखं लावू नयेत. वन्संना हे सांगितल्यापासून नखाचा विषय निघाला नाही आणि आता तर चिवड्यासाठी फोन आला. पावसाळ्यात त्याच घट्टपणाने डबा राखला. सैल आठांपैकी एकात मी स्वतः शेंगदाण्याची चटणी ठेवली होती, जूनच्या पहिल्या सरीनंतर चार दिवसांत तिला वास आला. माझ्यापुरता वाद तिथे मिटला.

पिशव्या भांडुपच्या एका बचतगटाने शिवल्या, मांजरपाटाच्या, अठरा रुपयांना एक. बाजारात नऊ रुपयांना कापडासारख्या दिसणाऱ्या मिळत होत्या, पण त्या नॉन-वूव्हन म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या, प्लास्टिकच ते. या मांजरपाटाच्या पिशव्या घेऊन आमच्या सोसायटीतल्या तिघीजणी अजून भाजीला जातात.

एकूण खर्च असा झाला: डबे 16,229, नाव घालणं 800, खडीसाखर 1,120, पिशव्या 2,880, टेम्पो 650. म्हणजे 21,679, ठरलेल्या रकमेपेक्षा 3,321 कमी. लोट्या धरल्यावर 28,929. वरचे 3,929 रुपये मी माझ्या भिशीतून भरले आणि त्याची हळहळ अजून गेलेली नाही. तेवढ्यात पंधरा जास्तीचे डबे आणि वर झाकणांची बेगमी झाली असती.

लग्नाला अकरा घरं आली नाहीत आणि यादीत नसलेली सात आली, त्यामुळे कोणाला रिकाम्या हाताने पाठवावं लागलं नाही. उरलेले चार चांगले डबे नंतर भेटायला आलेल्यांना दिले. या सात महिन्यांत मी एकोणीस घरी जाऊन आले. कोणाला विचारलं नाही, पाणी घ्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. चौदा घरी डबा ओट्यावर किंवा फळीवर होता, बहुतेक ठिकाणी साखर, दोन ठिकाणी चहा, एके ठिकाणी नातवाचं नाचणीचं सत्त्व. ज्यांना लोट्या दिल्या त्यांतल्या तिघांकडेच त्या वापरात दिसल्या.

चिवड्याचं कौतुक करून झाल्यावर वन्संनी फोन ठेवता ठेवता विचारलं, अजून दोन डबे शिल्लक आहेत का, सुनेला पुण्याला न्यायचे आहेत. आठ शिल्लक आहेत, पण सैल झाकणांचे. तसे देणार नाही, असं त्यांना सांगितलं आहे. सोमवारी ते आठही घेऊन मशीदला जाते आहे. तो कारागीर सकाळी अकरानंतर असतो.