जर्मनी की ब्रिटन? बागायतदाराच्या घरातून शिकायला जाताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांना व्हिसासाठी मार्क फारसे नडत नाहीत, नडतात ती पैशांची कागदपत्रं. आंब्याचा पैसा येतो तो एप्रिल-मेमध्ये, एकदम. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून कित्येक घरांत रिटर्न भरलेलंच नसतं. सातबारावर आजोबांपासूनची सगळी नावं. म्हणून देश निवडताना आधी घरचा पैसा कसा आणि कधी येतो ते बघा.

ब्रिटनला पहिल्या वर्षाची भरायची राहिलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दिसावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड, बाहेर १,१७१ धरतात. मध्येच एक दिवस रक्कम खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. मुंबईच्या काकांचं चालत नाही. काका मदत करणार असतील तर पैसे वेळेत वळते करून घ्या. सप्टेंबरच्या प्रवेशाला हंगाम तसा सोयीचा पडतो. मेअखेर वाशीहून पट्टीचे, म्हणजे विकलेल्या आंब्याचे, पैसे आले की फवारणीच्या औषधवाल्याची उधारी आधी बाजूला काढा आणि उरेल तेवढंच व्हिसासाठी मोजा. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड.

जर्मनीत ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, विद्यार्थ्याच्या नावाच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायचे. तिथे पोचल्यावर त्यातले महिना ९९२ त्यालाच खर्चायला मिळतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र सेमिस्टरला १,५०० युरो आहे. माझ्या मते आपल्याकडच्या घरांना सगळ्यात मोठा दिलासा इथेच आहे. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते, आणि सामाईक जमीन तारण ठेवायची तर प्रत्येक सहहिस्सेदाराची सही लागते. कर्ज जितकं लहान, तितकी ही पायपीट कमी.

कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये झटपट व्हिसाची एसडीएस योजना बंद केली. ऑस्ट्रेलियाची अर्ज-फी जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. बेताच्या पैशात या दोघांच्या मागे लागू नये.

शिक्षणानंतर ब्रिटन दोन वर्षं राहू देतं हा मुद्दा अजून सांगितला जातो, पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना पदवी-पदव्युत्तरसाठी दीडच वर्ष मिळणार आहे. जर्मनीतही नोकरी शोधायला दीड वर्षच मिळतं. ब्रिटनच्या बाजूने उरतं ते इंग्रजी आणि एका वर्षात संपणारं मास्टर्स. जर्मनीत शिक्षण इंग्रजीतून झालं तरी बहुतेक नोकऱ्यांना जर्मन लागतेच. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून शिकायची तयारी नसेल, तर फी नाही एवढ्यावर तिकडे जाऊ नका.

तयारी असेल तर मात्र जर्मनीच. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्यात मार्कशीट तपासल्या जातात. बऱ्याच विद्यापीठांची हिवाळी सत्राची मुदत १५ जुलै असते, तेव्हा एपीएसचा अर्ज आदल्या गणपतीच्या सुमारासच टाका. तारणाच्या सह्या लागणार असतील तर त्याही तेव्हाच घ्या. चाकरमानी सगळे एकत्र घरी असतात ते तेव्हाच.